वखर न फिरलेली जागा

आमच्या खारपाणपट्ट्यात स्थळ बघायला पाहुणे यायचे असले, की घर नंतर सारवतात, आधी शेत वखरतात. जमीन काळीभोर, खोल. बाहेरच्याला वाटावं, काय नशीब काढलंय ह्या लोकांनी. पण खालचं पाणी खारं. उन्हं तापली की ते खारेपण वर चढतं आणि ढेकळांच्या माथ्यावर पांढरी खपली धरते. मुलीचा बाप नुसतं घर बघत नाही, बांधावर उभा राहून शेत बघतो. पांढरं दिसलं की चहा पितो, कळवतो म्हणतो, आणि कळवत नाही. म्हणून आदल्या दिवशी वखराची एक पाळी घालायची. पांढरं खाली जातं, काळं वर येतं. दादाच्या लग्नाच्या वेळी बाबांनी एक नाही, दोन पाळ्या घातल्या होत्या. वहिनीचं माहेर मोझरीकडचं, गोड्या पाण्याचं. मला फसवून आणलं ह्या घरात, असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, आणि म्हणता म्हणता हसायची.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या एका सवयीवर अडलं. आमच्या ऑफिसातल्या लोकांना ही सवय समजावून सांगताना माझी बोबडी वळली होती. त्यांना वाटलं, मी काहीतरी सबब सांगते आहे.

मी उपग्रह बनवते. अमरावतीत असं सांगितलं की लोक आधी वर आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विचारतात, इथं? हो, इथंच. आमची कंपनी लांब दक्षिणेत आहे. तिथे मी बरीच वर्षं राहिले, पण दादाची तब्येत बिघडली तेव्हा सांगून टाकलं की मी घरून काम करीन, नाहीतर दुसरी बघा. त्यांनी ऐकलं. बडनेरा रोडच्या आतल्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत माझी खाट आणि दुसऱ्या खोलीत उपग्रह, म्हणजे त्याची चित्रं.

हा उपग्रह फोटो काढणारा आहे, पण साधे फोटो नाही. आपला मोबाइल तीन रंग बघतो आणि त्यातून सगळं जुळवतो. आमचा कॅमेरा उन्हाचे बारीक बारीक शेकडो तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो. जमिनीवरची प्रत्येक वस्तू त्यातले आपापले तुकडे गिळते. वाळत चाललेलं पान वेगळे गिळतं, गढूळ पाणी वेगळे, आणि मातीवर फुटलेला खार वेगळे. कुठला तुकडा गायब आहे ते बघायचं आणि खाली काय आहे ते ओळखायचं. जंगल, नद्या, माती, सगळ्यांची तब्येत वरून बघता यावी म्हणून हा खटाटोप.

त्यात दोन कॅमेरे होते. पहिला आपल्या डोळ्याला दिसतो तो उजेड आणि त्याच्या जरा पुढचा बघणारा. पिकं, जंगल, तळी हे त्याचं काम. दुसरा त्याच्याही बराच पुढचा, डोळ्याला अजिबात न दिसणारा उजेड बघणारा. खार त्यालाच दिसतो. क्षारांनी धरून ठेवलेलं पाणी त्या उजेडातला एक ठरावीक तुकडा गिळतं आणि तिथे आलेखाची रेघ खाली बसते. पण हा दुसरा कॅमेरा मोठा नखरेल. त्याला कडाक्याची थंडी हवी असते. जरा गरम झाला की स्वतःच्याच उबेने आंधळा होतो. त्याला थंड ठेवायचं यंत्र बसवायचं आणि त्या यंत्राची थरथर पहिल्या कॅमेऱ्याला लागू द्यायची नाही, हे माझं काम. अमरावतीच्या मे महिन्यात, डेझर्ट कूलरसमोर बसून, घामाने निथळत मी आभाळातल्या एका डब्याला गारठवत होते. दादाला ह्याचं फार हसू यायचं.

दादा माझ्याहून बराच मोठा. बाबा गेले तेव्हा मी अमरावतीला इंजिनिअरिंग करत होते. त्याने शेत धरलं आणि मला शिकू दिलं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही त्याला कधी म्हटलं नाही. आमच्या घरात असलं बोलत नाहीत. बाबांच्या अंगावर सूज आली आणि ते गेले, एवढंच तेव्हा आम्हाला कळलं होतं. दादाच्या अंगावर तशीच सूज आली तेव्हा मी त्याला ओढतच अकोल्याला नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पाण्यामुळेच का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते चांगले होते. म्हणाले, तुमच्या भागातून माझ्याकडे किती लोक येतात ते मला माहीत आहे, पण पाण्यामुळेच असं मला लिहून देता येत नाही.

मग दर आठवड्याला अकोला सुरू झालं. दादा गावाहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर यायचा, मी बडनेऱ्याहून गाडी धरायचे. त्याच्या हाताला नळ्या लावायच्या, रक्त मशीनमध्ये जायचं, धुवून परत यायचं. मी शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसायचे. तो त्या मशीनकडे बघायचा, मग माझ्या स्क्रीनकडे. तुझी मशीन बरी, म्हणायचा, कोणाला टोचत नाही.

त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. जुन्या सरकारी नकाशात खाऱ्या पट्ट्याची रेघ आमच्या नाल्यापाशी थांबते. नाल्यापलीकडचं गाव खारं आणि अलीकडचं आमचं गोडं, असं कागदावर लिहिलेलं. नकाशा काढला तेव्हा तसं असेलही, पण मीठ काही नकाशा वाचून थांबत नाही. पलीकडे गोड्या पाण्याची पाइपलाइन आली. आमच्याकडे नाही आली, कारण आम्ही गोडे. तब्येत होती तोवर दादा विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन कचेरीत जायचा. तिथले साहेब म्हणायचे, ही एका विहिरीची बाटली झाली, तेवढ्यावर रेघ हलत नाही, सगळा भाग खारा झाल्याचं काही असलं तर आणा. सगळा भाग बाटलीत कसा भरायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. घरी वहिनी पलीकडच्या गावातून गोडं पाणी कॅनमध्ये आणायची. ते पाहुण्यांसाठी. घरचे विहिरीचंच प्यायचे, लेकरंसुद्धा. मी ओरडायचे, भांडायचे, गाळायची मशीन आणून लावली तर ती पाण्यानेच खाऊन टाकली.

एकदा नळ्या लावलेल्या असताना दादाने विचारलं, "तुह्या त्या डब्याले आमचं मीठ दिसन का?"

मी म्हटलं, दिसेल. सगळा भाग एका दमात दिसेल, नाल्याच्या इकडचा आणि तिकडचाही. पण फक्त दुसऱ्या कॅमेऱ्याला. आणि दुसरा कॅमेरा बहुतेक काढून टाकणार आहेत, हेही त्याला सांगितलं, कारण त्याच्याशी मला खोटं बोलता येत नाही.

त्याने मोकळ्या हाताने माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "तो डोळा काढू नको देऊ, बाई."

आमच्याकडे बहिणीला बाईच म्हणतात. पण त्या दिवशी तो हे ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. दादाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलं.

काढायचं कारण वजन. उपग्रहाचं सगळं भांडण वजनाचं असतं. आमचा डबा घरातल्या फ्रिजएवढा. रॉकेटवर दुसऱ्यांच्या उपग्रहांसोबत कोपऱ्यात जागा मिळालेली, आणि त्या जागेला मर्यादा. दुसरा कॅमेरा, त्याचे आरसे, त्याचं थंड करायचं यंत्र, यंत्राची वीज, विजेसाठी मोठी बॅटरी. एक गोष्ट ठेवली की तिच्यामागे वरात येते. मीटिंगमध्ये सगळ्यांचं मत पडलं की पहिला कॅमेरा पुरे, दुसरा पुढच्या उपग्रहात घेऊ. पुढच्या वेळी म्हणजे कधीच नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मी इरेला पेटले. काही महिने घासून एक नवी मांडणी काढली. दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळे आरसे द्यायचे नाहीत. एकाच आरशातून उजेड आत घ्यायचा आणि मागे एक खास काच बसवायची, पाटाचं पाणी दोन वाफ्यांत सोडतात तशी. दिसणारा उजेड एका कॅमेऱ्यात, न दिसणारा दुसऱ्यात. वजन बरंच उतरलं, पण जोखीम वाढली. ती काच जरा हलली की दोन्ही कॅमेरे वाया. आमच्या प्रमुख बाई, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, कमी बोलणाऱ्या आहेत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की एवढी जोखीम घ्यायची तर त्या दुसऱ्या कॅमेऱ्याला खरंच काही दिसतं हे मला कागदावर नको, जमिनीवर दाखव. मी लगेच म्हटलं, माझ्या गावाला चला. मेमध्ये आमचं शेत पांढरंफेक असतं.

दादाला फोन करून तीनतीनदा बजावलं. शेताला हात लावू नको, वखर नको, पाणी नको, जसं आहे तसं राहू दे, आम्हाला ते पांढरंच बघायचं आहे. तो हो हो म्हणाला. सगळं समजलं म्हणाला. त्याला खरंच सगळं समजलं होतं, म्हणून तर पुढे माझं डोकं फिरलं.

मॅडम आणि दुसऱ्या कॅमेऱ्यासारखाच उजेड मोजणारं यंत्र पाठीवर घेतलेला एक सहकारी असे दोघे अकोल्याला उतरले. मी गाडी करून त्यांना गावाकडे घेऊन निघाले. वाटेत मोठ्या रुबाबात सांगत होते, आता बघाल तुम्ही, मीठ पेरल्यासारखं शेत. वळण घेतलं आणि आमचं शेत समोर आलं. काळंभोर. नव्या नवरीच्या केसांसारखं विंचरलेलं, एकेक रेघ सरळ. पांढऱ्याचा मागमूस नाही. अंगणात सडा, दारात रांगोळी, आणि दादा धुतलेल्या कपड्यात काठी टेकून उभा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? वहिनीने गोडं पाणी दिलं, चहा दिला. मग आम्ही शेतात उतरलो. आधी यंत्राच्या नळीचं तोंड एका पांढऱ्या पाटीवर धरतात, ऊन किती आहे ते मोजायला, मग मातीवर. स्क्रीनवर रेघ उमटली. जिथे खाली बसायला हवी होती तिथे सपाट पुढे निघून गेली. दुसरीकडे धरलं, तिसरीकडे धरलं. सगळीकडे तेच. वखराने खार मातीत मिसळून टाकला होता. मॅडम चांगल्या मनाने म्हणाल्या की माती सुंदर आहे. मला वाटलं, आता इथेच जमिनीला भेग पडावी. काळ्या मातीत मेमध्ये भेगा असतातच, त्यातलीच एखादी जरा मोठी.

दादाला मी लिंबाखाली गाठलं आणि दबक्या आवाजात भांडले. म्हटलं, "काहून केलं तू हे? तुले सांगतलं होतं ना?"

तो खाली बघत म्हणाला, "सांगतलं होतं. पण आदल्या दिवशी शेत पायलं अन् मन नाई झालं. तुह्या हापिसातल्या मॅडम येऊन राह्यल्या. त्याहिले असं शेत दाखवू? म्हणतीन, इच्या घरची जमीन अशी. तुही इज्जत हाये ना तिथं, बाई."

मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी मागून म्हणाली की ट्रॅक्टरवाला मिळाला नाही, तर ह्यांनी शेजाऱ्याची बैलजोडी आणली आणि स्वतः मागे चालले. डायलिसिस होऊन दुसरा दिवस होता. घराची पायरी चढताना थांबणारा माणूस तापलेल्या शेतात वखरावर भार देत ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत चालला होता. माझं लग्न झालेलं नाही, माझ्यासाठी कुणी कधी शेत बघायला आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, असं त्याने धरलं. मला रडू आलं आणि रागही तसाच होता, दोन्ही एकाच वेळी.

मग दादानेच काठी उचलून शेताच्या कोपऱ्याकडे दाखवलं. म्हणाला, "तिथं नाई फिरवला वखर. बाबाच्या जागेवर कोनी फिरवते का?"

बाबांना आम्ही शेतातच अग्नी दिला होता. त्या जागेला चार दगड मांडलेले आहेत. तुळस लावली होती, ती खाऱ्या पाण्यावर जगली नाही. खाटेएवढी जागा, पण तिच्यावर कधीही वखर फिरत नाही, बैल आपोआप वळतात. आम्ही तिकडे गेलो. दगडांच्या मधे माती पांढरी होती, पापडासारखी फुगलेली. मी मॅडमना सांगितलं की हे माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी त्या उन्हात बूट काढले, अनवाणी झाल्या आणि स्वतः नळी धरली. रेघ खाली बसली. जिथे बसायला हवी होती तिथेच बसली, स्पष्ट. आम्ही तिघेही स्क्रीनकडे बघत राहिलो. दादा लांबून विचारत होता, दिसलं का?

दिसलं होतं. पण मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. परत जाताना गाडीत त्यांनी मला सरळ सांगितलं की जागा खाटेएवढी, त्यात तिथे चिता जळलेली, आराखडा मान्य करणाऱ्या समितीतला पहिलाच माणूस म्हणेल की ही राख आहे. अख्खं शेत तसं दाखवता आलं तरच काही होईल. रॉकेट तसंही लांबलं होतं, त्यामुळे आराखडा पक्का व्हायला अजून पुढचा मार्च होता. तोवर दुसरा कॅमेरा कागदावर ठेवते, म्हणाल्या. मार्चमध्ये मी पुन्हा येईन.

हे दादाला सांगितलं.

त्या वर्षी त्याने शेतात कपाशी घेतली. वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली आणि शेत तसंच टाकून दिलं. आसपासच्या सगळ्या शेतांत वखर फिरले, आमचं तेवढं बसून. आमचं शेत रस्त्याला लागून आहे. थंडी सरत आली तसतसं ते पांढरं पडत गेलं, आधी कडेने, मग मधे. वखर न फिरलेलं शेत म्हणजे आमच्याकडे घरात कर्ता माणूस उरला नाही असा अर्थ. येणारेजाणारे दादाला टोकायचे, काहून, बैल नाई भेटले का? तो म्हणायचा, शेत फोटो काढून घ्यायले बसलं हाये. लोक हसायचे, तोही हसायचा. पण वहिनीने मला सांगितलं की हल्ली तो रस्त्याकडच्या ओट्यावर बसत नाही, मागच्या दारी बसतो. त्याला लाज वाटत होती. तरी त्याने वखर घातला नाही.

संक्रांत झाली आणि काही दिवसांनी अकोल्यात, नळ्या लावलेल्या असतानाच, दादा गेला. मी शेजारी स्टुलावर होते. लॅपटॉपवर त्या काचेचं चित्र उघडं होतं. त्याने विचारलं होतं, बसली का तुझी काच नीट, आणि मी सांगत होते. उत्तर अर्धंच झालं. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्यालाही शेतातच अग्नी दिला, बाबांच्या शेजारी.

तेरवीला सगळे सोयरे येणार होते. अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर, वहिनीच्या माहेरचे सगळे. रस्त्याकडच्या अंगणात मांडव पडला आणि मांडवातून समोर ते शेत, पांढरंफटक. आदल्या दिवशी वहिनीचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. भला माणूस. म्हणाला की चार लोक येतील, बरं दिसत नाही, तासाभरात एक पाळी मारून देतो. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला कॅमेऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. जळो तो उपग्रह, असं वाटत होतं. माझ्या भावाला लोकांनी नावं ठेवू नयेत, एवढंच मला हवं होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, बांधापर्यंत गेलासुद्धा.

वहिनी घरात बायकांमध्ये बसली होती. आवाज ऐकून ती उठून बाहेर आली. तेराव्याच्या आधी तशी ती उंबरा ओलांडत नव्हती. ती अनवाणी बांधापर्यंत चालत गेली आणि भावाला म्हणाली, "राहू दे, भाऊ. त्याहिनं सांगून ठेवलं हाये. माह्या तेरवीले लोक आले तरी वखर घालू नका म्हणे, बाईचं काम व्हाचं हाये."

मला हे माहीत नव्हतं. तो हे माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. अग्नी देताना रडले नव्हते तेवढी.

दुसऱ्या दिवशी सगळे लोक आले, जेवले. दादाचा फोटो मांडला होता, त्याच्या मागे ते शेत. म्हातारे लोक शेताकडे बघायचे, मग ताटाकडे. एकानेही विचारलं नाही. आमची माणसं तोंडाने फटकळ, मनात आलं की बोलून टाकतात. पण त्या दिवशी कुणी एक शब्द काढला नाही.

मार्चमध्ये मॅडम आल्या. ह्या वेळी मी वाटेत काही सांगितलं नाही. त्यांनी शेत बघितलं आणि दादा कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा सांगितलं. त्या सरळ वहिनीकडे गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी बराच वेळ बसल्या. दुपारचं ऊन माथ्यावर आलं तसं आम्ही मोजायला लागलो. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, मेमध्ये दादा वखरामागे जसा चालला असेल तसंच सरळ ओळीने गेलो. नळी धरली की रेघ बसायची. जिथे धरली तिथे बसली. नाल्याच्या पलीकडे जाऊन मोजलं, तिथेही हुबेहूब तशीच. ह्या मातीत आणि त्या मातीत यंत्राला काही फरक सापडला नाही.

दुसरा कॅमेरा राहिला. समितीने माझी काच मान्य केली. बदल्यात इंधनाची टाकी लहान करावी लागली, म्हणजे डबा वर गेल्यावर ठरला होता त्यापेक्षा कमी वर्षं जगेल. त्या कागदावर सही मीच केली. डबा अजून जमिनीवरच आहे. रॉकेटची वाट बघतोय. कचेरीतली रेघ अजून नाल्यापाशीच आहे आणि लेकरं अजून तेच पाणी पितात. वहिनी आता पलीकडून जास्त कॅन आणते आणि आधी लेकरांना देते, पाहुण्यांना नंतर.

त्या मार्चच्या दुपारी मॅडमची गाडी गेल्यावर वहिनी बांधावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पदराने तोंड पुसलं. शेताकडे बघत म्हणाली, "झालं ना बाई तुमचं? मंग आता घालू का वखर?"

मी हो म्हटलं. तिने शेजाऱ्याची तीच बैलजोडी बोलावली. पांढरं खाली जात होतं, काळं वर येत होतं, आणि आम्ही दोघी बघत उभ्या होतो. कोपऱ्यात बाबांच्या जागेपाशी बैल सवयीने वळले. शेजारची जागा त्यांना माहीत नव्हती, ते सरळ तिच्यावर चालले. वहिनी धावत पुढे गेली आणि तिने हाताने त्यांना वळवलं.